डाव्या वहाणेतला खिळा

वेतोबाच्या पायाचं माप मूर्तीवरून घेत नाहीत.
जुना जोड देवळातून बाहेर येतो,
तो उलटा करून बघायचा,
टाच कुठे झिजली, अंगठा कुठे रुतला,
आणि त्यावरून नवं कातडं कापायचं.
बापानं शिकवलं, त्याला त्याच्या बापानं.
रात्री देव शिवेवरून फिरतो. भुतांचा राजा तो,
म्हणून भुतांच्याच वेळेला.
आमच्यात कुणी विचारत नाही
देव आणि भूत यांच्यामधली मेर
नक्की कुठून जाते.

या खेपेला नवस दाजी वारंगाचा.
खाडीत त्याचे चार पडाव, रात्रीचे वाळू काढतात.
भाव न करता पैसे मोजले, म्हणाला,
"बरो जोड कर. देवाक टोचाक नये."

गेल्या माघात वैजू सुकतीला तिसऱ्या काढायला गेली.
गुडघाभर पाणी, तिच्या ओळखीचं.
आदल्या रात्री तिथं खड्डा पडला होता.
प्लास्टिकचं घमेलं तेवढं तरंगत धक्क्याला लागलं.
आत सतरा तिसऱ्या.
मोजण्याखेरीज मला दुसरं काही सुचलं नाही.

सप्ताहाला शास्त्रीबुवा आले.
म्हणाले, अंधारात दोरी साप वाटते,
दिवा आणला की कळतं, साप नव्हताच.
जगातलं वाईट म्हणजे तसं.
बोलणं गोड होतं, मंडपाच्या कडेला बसून मी ऐकलं.
दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर असताना
खड्ड्यात बांबू सोडला.
बांबू संपला, मग माझा हात संपला,
तळ लागला नाही.
कुणी म्हणालं, मागल्या जन्माचं देणं.
नऊ वर्षांची पोर.
तिला उधार दिलं कुणी?

जोड पुरा व्हायची रात्र.
डाव्या वहाणेत, टाचेच्या जरा पुढे,
एका खिळ्याचं टोक गव्हाएवढं वर राहिलं.
दुमडायला एक ठोका पुरतो.
मी हातोडी खाली ठेवली.
म्हटलं, फिर आता. एकदा तुलाही टोचू दे,
मग बघू तू कुणाचा राजा.
वर्षभरात पहिल्यांदा
त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सकाळी गाऱ्हाणं.
"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या धंद्याक येश दी..."
"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.
माझ्याही तोंडून गेलं. सवयीचं तोंड.

वर्षानं जोड परत आला.
तळाला शिवेची तांबडी माती, थोडी रेतीही.
रेती कुठली ते मी बघत बसलो नाही.
आत हात घातला, अंगठा फिरवला.
टोक नव्हतं. खिळा गोल, गुळगुळीत,
दुधाच्या दातासारखा.
बायको म्हणते, पुजाऱ्याची पोरं चोरून घालून नाचत असतील.
असेल.
पण ज्यानं घातली त्यानं वर्षभर त्यावर पाय टाकला,
आणि तक्रार माझ्यापर्यंत आली नाही.
दाजीपर्यंतही नाही. त्याचे पडाव चालूच आहेत.
मला वाटलं होतं देव एक तर ओरडेल,
नाहीतर नसेल.

वाईट कुठून येतं, बुवांना विचारायचं होतं.
डाव्या वहाणेपुरतं मला ठाऊक आहे.
पावकिलोच्या पुडीतून, या दोन बोटांतून,
रात्री साडेदहाच्या सुमाराला.
पुडी अजून उघडीच आहे.

दाजीनं पुन्हा नवस बोललाय. कातडं भिजत घातलंय.
जुना जोड उन्हात धरला तेव्हा दिसलं,
उजवी वहाण डावीपेक्षा जास्त झिजलीय,
लंगडत चालणाऱ्याची झिजते तशी,
सगळा भार एकीकडे.

उजव्या तळाला एक पदर जास्त घातला.
त्याचे पैसे दाजीकडून घेणार नाही.